'गेलो होतो' : इंग्रजीतील प्रवासकथन आणि मराठी विद्यार्थ्याची एक चूक

'लास्ट इयर आय हॅड गॉन टू अजंठा.' मराठी माध्यमाच्या शाळेत किंवा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात इंग्रजी शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकाला हे वाक्य अपरिचित नाही. 'माझा अविस्मरणीय प्रवास' या ठराविक विषयावरील निबंधाचा प्रारंभ पुष्कळदा याच वाक्याने होतो. अध्यापक 'हॅड गॉन' खाली लाल रेघ ओढतो, वर 'वेंट' लिहितो आणि पुढच्या वहीकडे वळतो. विद्यार्थीही ती दुरुस्ती निमूटपणे उतरवून घेतो. आणि पुढच्या महिन्यात सहलीचे वर्णन लिहावयास सांगितले की 'वुई हॅड गॉन टू रायगड' असे पुन्हा लिहितो. जी चूक इतक्या चिकाटीने, इतक्या निरनिराळ्या विद्यार्थ्यांकडून आणि नेमक्या त्याच जागी होते, तिला निष्काळजीपणा म्हणणे योग्य नव्हे. तिच्यामागे काही नियम असला पाहिजे. तो नियम इंग्रजीचा नसून मराठीचा आहे, आणि तो ओळखल्यावाचून गत प्रवासाविषयी इंग्रजीतून बोलावयास शिकविणे बव्हंशी निष्फळ ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मराठीत गतक्रिया सांगण्याची जी रूपे आहेत त्यांपैकी तीन येथे विशेष महत्त्वाची आहेत : 'भाऊ नाशिकला गेला', 'भाऊ नाशिकला गेला आहे' आणि 'भाऊ नाशिकला गेला होता'. पहिल्या वाक्यात केवळ जाण्याची घटना सांगितली आहे. दुसरे वाक्य ऐकणारा मनाशी समजतो, की भाऊ आता घरी नाही. त्याच्याकडे काम असल्यास नंतर यावे लागेल. तिसऱ्या वाक्याने मात्र भाऊ परत आल्याचे सुचविले जाते. जाणे घडले, संपले, आणि वर्तमानाशी असलेला त्याचा धागा तुटला, एवढा अर्थ 'होता' या एका शब्दात सामावलेला आहे. मराठी कानाला या तिसऱ्या वाक्याच्या पुढे किंवा मागे दुसऱ्या कोणत्याही भूतकालीन घटनेची अपेक्षा नसते. 'काल कुठे होतास?' 'नाशिकला गेलो होतो.' संभाषण येथे पुरे होते.

इंग्रजीतील 'हॅड गॉन' या रूपाचा स्वभाव वेगळा आहे. हान्स रायखेनबाख या तर्कशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये काळांच्या रूपांचा जो उलगडा केला, तो येथे उपयोगी पडतो. त्याच्या मते प्रत्येक काळरूपाचा विचार करताना तीन बिंदू लक्षात घ्यावे लागतात : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि ज्या क्षणावर उभे राहून घटनेकडे पाहिले जाते तो संदर्भक्षण. 'वेंट' मध्ये घटना आणि संदर्भ दोन्ही भूतकाळात एकाच ठिकाणी असतात. 'हॅव गॉन' मध्ये घटना भूतकाळातील, पण पाहणारा वर्तमानात उभा असतो. 'हॅड गॉन' मध्ये पाहणाराही भूतकाळात उभा असतो, आणि घटना त्याच्याही आधीची असते. म्हणजे हे रूप उच्चारताच भूतकाळातील दुसरा एक क्षण गृहीत धरला जातो : गाडी सुटली होती, तेव्हा आम्ही स्थानकावर पोहोचलो, दिवे गेले होते, तेव्हा पाहुणे आले. 'लास्ट इयर आय हॅड गॉन टू अजंठा' एवढेच ऐकून इंग्रजीभाषक श्रोता थांबतो. अजंठ्याला गेला होता, तर कशाच्या आधी? तो दुसरा क्षण पुढे येईल म्हणून तो वाट पाहतो, आणि तो येत नाही. चुकीचे खरे स्वरूप हे आहे. व्याकरणाचा नियम मोडला यापेक्षा श्रोत्याला विनाकारण ताटकळत ठेवले, हा दोष मोठा.

विद्यार्थ्याच्या मनात या दोन रूपांची सांगड घातली कोणी? त्याचे उत्तर अंशतः आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत सापडते. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठीची शालेय व्याकरणे बऱ्याच अंशी इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीवर उभी राहिली. त्या चौकटीत 'गेलो आहे' याला पूर्ण वर्तमान आणि 'गेलो होतो' याला पूर्ण भूत ही नावे रूढ झाली, आणि इंग्रजीच्या तासाला 'प्रेझेंट परफेक्ट' व 'पास्ट परफेक्ट' यांचे मराठी प्रतिशब्द म्हणून तीच नावे फळ्यावर लिहिली जाऊ लागली. विद्यार्थी सरळ मनाचा असतो. नाव एक, तर वस्तूही एक, असे तो समजतो. रचनेपुरते हे खरेही आहे. दोन्ही भाषांत मुख्य क्रियापदाच्या कृदन्ताला सहायक क्रियापदाच्या भूतकाळी रूपाची जोड मिळते. पण रचना सारखी म्हणून उपयोग सारखा असा न्याय भाषेत चालत नाही. मराठीतील 'पूर्ण भूत' इंग्रजीतील त्याच नावाच्या रूपापेक्षा कितीतरी अधिक मोकळेपणाने वावरते.

त्याचे सर्वांत लक्षणीय कार्य कथनाच्या आरंभी दिसते. 'गेल्या दिवाळीत आम्ही गिरनारला गेलो होतो. पहाटे पायऱ्या चढायला सुरुवात केली. वाटेत आईचे पाय दुखू लागले. आम्ही एका टपरीपाशी बसलो.' कोणत्याही मराठी घरात सांगितली जाईल अशी ही हकीकत आहे. 'होतो' हे रूप फक्त पहिल्या वाक्यात आले. त्यानंतर साधा भूतकाळ सुरू झाला आणि तोच चालू राहिला. पहिल्या वाक्याने दार उघडले, पुढची वाक्ये आत शिरली. आता विद्यार्थ्याचा इंग्रजी निबंध पुन्हा वाचावा. 'हॅड गॉन' बहुधा पहिल्याच वाक्यात असतो. पुढे 'स्टार्टेड', 'सॅट', 'ड्रँक' अशी रूपे तो बिनचूक लिहितो. म्हणजे त्याला साधा भूतकाळ येत नाही असे नाही. त्याने मराठी कथनाचे दार इंग्रजी घराला बसविले आहे, एवढेच.

इंग्रजी प्रवासकथनालाही असे दार असतेच. ते 'हॅव बीन' या रूपाचे असते. 'हॅव यू एव्हर बीन टू गिरनार?' 'येस, आय हॅव. वुई वेंट देअर लास्ट दिवाळी.' पहिल्या प्रश्नोत्तरात काळ सांगितलेला नाही. अनुभव गाठीशी आहे की नाही एवढाच प्रश्न आहे. तो आहे असे ठरताच, आणि काळाचा उल्लेख येताच, बोलणारा 'वेंट' वर उतरतो आणि पुढे तेथेच राहतो. बर्नार्ड कॉम्री यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात या प्रकाराला अनुभववाचक पूर्णरूप असे वेगळे स्थान दिले आहे. (अमेरिकन बोलीत या जागी साधा भूतकाळही सर्रास चालतो. परंतु आपल्या पाठ्यपुस्तकांची परंपरा ब्रिटिश असल्याने येथे तिचाच विचार केला आहे.) म्हणून विद्यार्थ्याला 'तुझे दार चुकले' असे सांगण्यापेक्षा, दोन्ही भाषांना दार आहे, पण दाराचा आकार वेगळा आहे, असे सांगणे अधिक सत्य आणि अधिक उपयोगी आहे.

मग 'बीन' म्हणजे काय? 'गो' या क्रियापदाच्या जागी 'असणे' या क्रियापदाचे कृदन्त यावे, हे मराठी विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटते, आणि 'गॉन' व 'बीन' यांतील भेद हा परीक्षेसाठी पाठ करावयाचा एक निष्ठुर नियम ठरतो. वस्तुतः हा भेद मराठीला अनोळखी मुळीच नाही. 'वडील पंढरपूरला गेले आहेत' आणि 'वडील पंढरपूरला जाऊन आले आहेत' या दोन वाक्यांतील अंतर शाळेत पाऊल न टाकलेल्या माणसालाही कळते. पहिल्या वाक्यातले वडील अजून पंढरपुरात किंवा वाटेत आहेत. दुसऱ्यातले ओसरीवर बसले आहेत. 'गॉन' म्हणजे गेलेला. 'बीन' म्हणजे जाऊन आलेला. जो भेद इंग्रजीने दोन क्रियापदांत विभागला, तो मराठीने 'जाऊन येणे' या जोडक्रियेत साठविला आहे. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याची आपली रीत लक्षात घेतली तर परत येण्याला ही भाषा किती जपते हे दिसून येते. संस्कृतात 'प्रवास' शब्दाचा मूळ अर्थ घरापासून दूर राहणे असा आहे. तेव्हा घर हा त्या शब्दातच गृहीत धरलेला आहे. इंग्रजी 'ट्रॅव्हल' चे मूळ कष्टवाचक फ्रेंच शब्दात आहे, ही गंमत जाता जाता नोंदवावी.

संख्यावाचक शब्दाची जोड मिळाली की 'गेले आहेत' हेही अनुभववाचक होते : 'वडील पंढरपूरला दोनदा गेले आहेत.' 'मी काशीला गेलेलो आहे' या वाक्यात '-लेला' रूप तेच कार्य करते. म्हणून भाषांतर करताना शब्दावरून शब्द न घेता, 'परत आला काय?' आणि 'केव्हा ते सांगितले आहे काय?' हे दोन प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारावेत. परत आला नाही : 'हॅज गॉन'. परत आला, काळ सांगितला नाही : 'हॅज बीन'. काळ सांगितला : 'वेंट'. 'हॅड गॉन' ची पाळी त्यानंतर, आणि दुसरा भूतकालीन क्षण समोर असेल तरच.

आणखी एक अडचण 'कधी' या छोट्या शब्दाने निर्माण केली आहे, आणि तिच्याकडे पाठ्यपुस्तकांचे लक्ष क्वचितच जाते. 'तुम्ही कोकणात कधी गेला होता?' येथे 'कधी' म्हणजे केव्हा. 'तुम्ही कधी कोकणात गेला आहात का?' येथे 'कधी' म्हणजे आयुष्यात एकदा तरी. मराठीत शब्दाची जागा, शेवटचा 'का' आणि सहायक क्रियापद मिळून हा भेद करतात; इंग्रजीत त्यासाठी 'व्हेन' आणि 'एव्हर' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. 'व्हेन यू हॅव गॉन टू कोकण?' असा जो प्रश्न विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकू येतो, तो या दोन 'कधीं'च्या मिश्रणातून निपजलेला असतो. 'कालच आलोय' यावरून 'आय हॅव कम यस्टरडे' असे वाक्य येते, त्याचे कारणही असेच आहे. पूर्ण वर्तमानाशेजारी 'काल' बसविण्यास मराठीची अशा ठिकाणी हरकत नसते, इंग्रजीची असते.

ही केवळ मराठीची कथा नाही. हिंदीतील 'गया था' आणि बंगालीतील 'गियेछिलाम' ही रूपे अशीच मोकळी वागतात, आणि त्या भाषकांच्या इंग्रजीतही हाच 'हॅड गॉन' आढळतो. भूतकाळाचे कप्पे पाडण्याची भारतीय परंपरा जुनी आहे. पाणिनीने सामान्य भूताला लुङ्, आजच्या दिवसाबाहेरच्या भूताला लङ्, आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या तशाच भूताला लिट् अशी व्यवस्था लावली. त्या व्यवस्थेत स्वतःच्या प्रवासाला लिट् लावणे अवघडच. उत्तमपुरुषी लिटाची सोय लावताना वैयाकरणांना झोपलेल्या किंवा मद्य प्यालेल्या माणसाचा आधार घ्यावा लागला आहे. सांगावयाचे इतकेच, की भूतकाळ कसा कापावा हे प्रत्येक भाषा स्वतः ठरविते.

अध्यापनपद्धतींच्या इतिहासात या प्रश्नाला काय उत्तर मिळाले? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य घडविण्याची सवय होती. त्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि तीपैकी बरीच रास्तही होती; सुटी वाक्ये फिरविणारा विद्यार्थी बोलावयास शिकत नसे. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था स्थापन झाली, त्या काळात रचनाप्रधान पद्धतीचा जोर होता, आणि त्या पद्धतीने वर्गातून मातृभाषेला जवळजवळ हद्दपार केले. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर येथे चालविलेल्या प्रकल्पाने व्याकरणाच्या क्रमाऐवजी विद्यार्थ्यापुढे सोडवावयाचे काम ठेवले. भाषा त्या कामाच्या ओघात यावी अशी अपेक्षा होती. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. या सर्व फेरबदलांत 'गेलो होतो' मात्र आपल्या जागी राहिला, कारण त्याच्याकडे मराठीच्या बाजूने कोणी पाहिले नाही. मातृभाषा वर्गाबाहेर ठेवली तरी ती विद्यार्थ्याच्या मनाबाहेर जात नाही. तिला आत बोलावून तिच्याकडून काम करून घेणे शहाणपणाचे होते.

रूपांइतकाच, किंबहुना त्याहून गंभीर, प्रश्न विषयाचा आहे. प्रवासाच्या अनुभवावरील ठराविक संभाषणपाठ परदेश, विमान, थंड हवेचे ठिकाण, समुद्रकिनाऱ्यावरील सुटी यांभोवती फिरतो. 'हॅव यू एव्हर बीन अब्रॉड?' या प्रश्नाला खेड्यातील शाळेत एकच उत्तर असते : 'नो, आय हॅवन्ट.' व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, आणि तेथेच संभाषण संपते. ज्या मुलापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, त्याला आपल्यापाशी काहीच नाही असे या पाठाने शिकविले. हे इंग्रजीचे अध्यापन नव्हे.

वारीचे उदाहरण घ्यावे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी सासवड, लोणंद, फलटण, वाखरी अशा मुक्कामांनी जवळजवळ तीन आठवड्यांत पंढरपूरला पोहोचते. आजीबरोबर दिंडीत चाललेली मुलगी वर्गात असेल तर अनुभववाचक रूपाला याहून चांगली भूमी कोठे मिळणार? वारी मोजली जाते. 'आजीच्या वीस वाऱ्या झाल्या आहेत' असे घरात बोलले जाते. 'माय ग्रँडमदर हॅज वॉक्ड टू पंढरपूर ट्वेंटी टाइम्स. आय हॅव वॉक्ड विथ हर वन्स. दॅट इयर इट रेन्ड ऑल द वे टू सासवड.' तीन वाक्यांत दारही आले आणि आतला रस्ताही आला. 'रिंगण', 'दिंडी', 'मुक्काम' या शब्दांना इंग्रजी पर्याय शोधीत बसू नये. ते तसेच ठेवून एका उपवाक्याने समजावून सांगणे हे प्रवासकथनाचे कौशल्यच आहे.

दुसरे उदाहरण इतके सुखाचे नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागता परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणून जातात. पुष्कळदा मुलेही बरोबर असतात आणि फडाशेजारच्या कोपीत राहतात. अशा मुलाचा प्रवास मराठीत 'गेलो होतो' असा एकदाच घडलेला नसतो. तो म्हणतो, 'आम्ही कारखान्याला जायचो.' हे रीतिभूताचे रूप आहे, आणि त्याला इंग्रजीत 'वुई यूज्ड टू गो' हवे, 'वेंट' पुरेसे नाही, 'हॅव बीन' तर मुळीच नाही. पाठ्यपुस्तकातील प्रवास एकवार घडतो, म्हणून त्या पाठात हे रूप येतच नाही; पण आजोळी जाणे, जत्रेला जाणे, बाजाराला जाणे, कारखान्याला जाणे, असा आपल्याकडील बहुतेक प्रवास आवर्तनाचा आहे. 'यूज्ड टू' ला प्रवासाच्या पाठात मानाचे स्थान मिळाले पाहिजे. मात्र असा अनुभव विद्यार्थ्याकडून वर्गात वदवून घेऊ नये. तो त्याने आपण होऊन सांगितला तर अध्यापकाने प्रथम तो ऐकावा. काळरूपाची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी केली तरी काही बिघडत नाही.

प्रत्यक्ष पाठाची मांडणी फारशी गुंतागुंतीची असण्याचे कारण नाही. प्रथम एका विद्यार्थ्याने आपली हकीकत मराठीतच सांगावी आणि इतरांनी फक्त क्रियापदे टिपावीत. 'होतो' कोठे आला, किती वेळा आला, नंतर का आला नाही, हे त्यांनीच शोधावे; हा शोध लागल्याचा आनंद मुलांना होतो, कारण रोजच्या बोलण्यात नियम आहे हे त्यांना ठाऊक नसते. मग त्याच हकीकतीचे पहिले वाक्य इंग्रजीत कसे उघडावे यावर चर्चा व्हावी. त्यानंतर दोघांदोघांत बोलणे : एकाने 'एव्हर' ने विचारावे, दुसऱ्याने होकार दिला की 'व्हेन' ने विचारावे, आणि तेथून पुढे श्रोत्याच्या कुतूहलाने प्रश्न न्यावेत : कोणाबरोबर, कशाने, वाटेत काय झाले. ज्या उत्तराची प्रश्नकर्त्याला खरोखर माहिती नाही असाच प्रश्न विचारण्याची अट घालावी. 'वर चढून बघतो तर काय!' अशा ऐतिहासिक वर्तमानाच्या लकबी विद्यार्थी इंग्रजीत आणतील. बोलताना त्या इंग्रजीतही शोभतात, त्यांना तोडू नये.

महाविद्यालयीन वर्गात मराठी प्रवासवाङ्मयाचा उपयोग होऊ शकेल. विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धुमाळीत सापडले. 'माझा प्रवास' त्यांनी कितीतरी वर्षांनी लिहिला आणि तो १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेविषयीचे प्रवासवृत्त १८८९ चे. ते परतल्याबरोबर लिहिलेले आहे, आणि तेथील लोकस्थिती तेव्हाही तशीच चालू होती. एका ग्रंथातील जग लेखकाच्या लेखी संपलेले आहे, दुसऱ्यातील चालू आहे. या दोहोंतील एकेक प्रसंग विद्यार्थ्यांनी इंग्रजीत स्वतःच्या शब्दांत सांगितला, तर साधा भूतकाळ कोठे आणि वर्तमान कोठे, हा निर्णय त्यांना अर्थावरून घ्यावा लागेल. नियम आठवून भागणार नाही.

शेवटी एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. 'हॅड गॉन' इतका सर्वत्र आहे, तर तो भारतीय इंग्रजीचाच विशेष मानून स्वीकारावा, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे. मराठी, हिंदी आणि बंगाली भाषक एकमेकांशी इंग्रजीत बोलताना या रूपाने कोणीही अडखळत नाही, कारण तिघांच्या घरी तेच दार आहे. पण नोकरीच्या मुलाखतीत, परगावच्या विद्यापीठात किंवा दूरध्वनीवर परदेशी माणसाशी बोलताना समोरचा श्रोता दुसऱ्या क्षणाची वाट पाहत राहतो, आणि बोलणाऱ्याला मात्र आपले काय चुकले हे कळत नाही. तेव्हा विद्यार्थ्याला दोन्ही दारे ठाऊक असावीत आणि समोर कोण आहे हे पाहून त्याने निवड करावी. परीक्षकापुरते बोलावयाचे तर, ज्या निबंधात पहिल्या वाक्यातील 'हॅड गॉन' नंतर सारे कथन साध्या भूतकाळात नीट चालले आहे, त्याचे गुण त्या एका रूपासाठी कापण्याऐवजी समासात 'कशाच्या आधी?' एवढा प्रश्न लिहावा.